चौदा नंबरचा फ्लास्क

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. आमचं बौद्ध कुटुंब, गंडे-दोरे घरात कधी आलेच नाहीत. कोणाच्या अंगात आलं असं कानावर पडलं की मी आधी त्याचं बीपी विचारते. नोकरीही तशीच... नागपूरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कंपवाताच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स, काढायच्या आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी बनवता येतात का ते पाहायचं, असं तिथलं संशोधन.

माझ्या आईलाही कंपवात आहे. ती भावाकडे असते, पवनी तालुक्यात, आसगावला. तिनेही नमुना दिला. हा उपचार नाही, तुला याचा काही फायदा होणार नाही, असं मी तिला दहादा सांगितलं होतं. "मले नाही त नाही, कोनाले तरी होईल," म्हणाली. तिच्या पेशी चौदा नंबरच्या फ्लास्कमध्ये वाढू लागल्या.

मे महिन्यात एका दुपारी मी कॅन्टीनमध्ये जेवत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला.

"ताई, आई थंडीनं कुडकुडून राहिल्या. ताप नाही, काही नाही. दोन ब्लँकेटं टाकले अंगावर... अन् बाहेर त आग बरसून राहिली."

हातांची थरथर रोजचीच, पण हे वेगळं आहे, असं ती म्हणत होती. डॉक्टरला बोलवायला सांगून मी जेवण अर्धं टाकलं आणि लॅबमध्ये परतले. चौदा नंबर ज्यात होता त्या इन्क्युबेटरचं, पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचं, दार नीट लागलेलं नव्हतं. आत सदतीस डिग्री हवी, आकडा सव्वीसवर आलेला. मी दार लावलं. अर्ध्या तासाने वहिनीचा पुन्हा फोन — आईने ब्लँकेटं बाजूला सारून चहा मागितला होता.

योगायोग, दुसरं काय. पण डोक्यातून जाईना. विज्ञान शिकलेली बाई मी, म्हटलं तपासूनच पाहू. जुलैत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, एका सकाळी चौदा नंबर काढून टेबलावर ठेवला आणि घरी फोन लावला. रोवणीला बाया मिळतात का वगैरे आईशी बोलत बसले. पंधराएक मिनिटं झाली असतील, तिचे दात वाजायला लागले.

"एवढी थंडी काहून वाजून राहिली वो बाई मले?" तिने मलाच विचारलं.

मी फ्लास्क पटकन आत ठेवला. स्वतःच्या आईवर प्रयोग केला, याची लाज अजून जात नाही. पुन्हा तसं केलं नाही. कोणाला सांगितलंही नाही.

आता प्रोजेक्ट संपलंय. नियमाप्रमाणे फ्लास्क नष्ट करायचे, नाहीतर पेशी उणे एकशे शहाण्णव डिग्रीला गोठवायच्या. बाकीचे सगळे मीच नष्ट केले. चौदा नंबरचं अजून थोडं काम आहे, असं लॅबच्या प्रमुख मॅडमना खोटंच सांगितलं. पण या पेशी कायम वाढत नाहीत — ठरावीक वेळा विभागतात आणि थांबतात. चौदा नंबरच्या आता मंदावल्यात. मायक्रोस्कोपखाली मोठ्या, पसरट दिसतात, म्हाताऱ्या पेशी दिसतात तशा.

मागच्या रविवारी आसगावला गेले होते. आई म्हणाली, "दुखत नाही काही... पन थकून राहिली मी आजकाल."

भाऊ म्हणतो, वय झालं. मीही तेच म्हणते. त्या पेशींचं पोषणद्रव दर तीन दिवसांनी बदलावं लागतं. सुट्टी असली तरी मी जाते.