बाबुन्याची फुलं

सौंसरच्या बाजारात एक बाई झोपेसाठी चहासारखी पितात ती बाबुन्याची सुकी फुलं विकते. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी फूल चुरगाळून त्याच्या नाकापाशी धरते, मग बोलते.

मले झोप येत नव्हती. रात्रभर बायकोशी कटकट व्हायची, म्हणून फुलं नेली. दूध-साखर घालून खदखदा उकळली. कडूजहर! पुढच्या बाजारी मी भांडायलाच गेलो.

“बाई, तू लोकाइले फसवून राहिली!”

पदरात तोंड लपवून ती हसली. “बाबाजी, फूल आहे ते. त्याच्याशीबी भांडता का? उकळू नका. गरम पाणी ओता अन् झाकून ठेवा.”

तिनं तसा पेला करून दिला.

“झोप आली तं मिशी उतरवीन!” म्हणत मी प्यालो अन् तिच्या पोत्याले टेकलो.

डोळे उघडले तं भोवती गर्दी, टोपलं रिकामं होत आलेलं. मी घोरून राहिलो होतो, अन् ती माझ्याकडे बोट दाखवून फुलं विकून राहिली होती.

“मी फक्त डोळे मिटले होते,” मी ठणकावलं.

तिनं माझ्यासाठी राखलेली पुडी मी हळूच खिशात टाकली. आता रोज झाकून पितो, मस्त झोपतो. मिशी मात्र जागेवर आहे.