देसाईबाईंचा विमा

सिंधुमावशी आपल्या कुत्रीला अहोजाहो करायच्या. "देसाईबाई, आधी पाय पुसा. कार्पेट काही माझ्या बापाचं नाही," असं त्यांच्या दारातून ऐकू यायचं. अमेरिकेतल्या श्रूजबरीत त्यांच्या शेजारच्या टाऊनहाऊसमध्ये मी नुकताच राहायला आलो होतो. पहिले दोन दिवस माझी समजूत अशी, की मावशींकडे कोणी देसाई नावाच्या बाई पाहुण्या आल्या आहेत आणि त्यांचे फार हाल चाललेत. तिसऱ्या दिवशी देसाईबाईंनी माझ्या अंगावर उडी मारली आणि माझा चष्मा चाटून काढला. कागदोपत्री तिचं नाव डेझी. ते नातवाने ठेवलेलं, आणि मावशींनी ते आपल्या सोयीने वळवून घेतलं होतं.

मावशी अकोल्याच्या एका दवाखान्यात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वॉर्ड त्यांच्या अंगातून गेला नव्हता. कोणीही भेटलं की "कसा आहेस?" वगैरे काही नाही. थेट, "तक्रार काय? कधीपासून?" मला सर्दी होवो, माझं मॅनेजरशी वाजो किंवा गाडी बंद पडो, प्रश्न हाच. उत्तर ऐकताना मात्र त्या हातातलं काम खाली ठेवायच्या. इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मला या देशात दुसरं भेटलं नाही.

एकदा ओपीडीच्या गोष्टी सांगताना म्हणाल्या, "काहीच झालेलं नसताना रोज यायच्या एकदोन बाया. कधी पोट, कधी डोकं. डॉक्टर वैतागायचे. मी म्हणायची, बसू द्या हो. नाडी पाहिली की पाच मिनिटांत बऱ्या होऊन जायच्या. घरी कोणी विचारत नव्हतं त्यांना, दुसरं काय?"

मावशी एकट्या कशा राहिल्या, हे सांगायला हवं. मुलगा निखिल आधी याच घरात बायको-मुलासह राहायचा. त्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, नवी नोकरी लागली. तिथल्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये कुत्रं चालत नव्हतं आणि इथलं घर इतक्यात विकायचं नव्हतं. मग ठरलं, की सहा महिने आईने डेझीला घेऊन इथेच राहावं, तोवर तो तिकडे घर बघेल. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. मावशी त्याआधी केस विंचरून बसायच्या आणि "मी मजेत" म्हणायच्या. नातू "हाय आज्जी, बाय आज्जी" एका दमात म्हणून पळायचा.

जाताना निखिलने कुत्रीचा विमा काढून दिला होता. आई एकटी, त्यात कुत्री आजारी पडली तर तिने काय करायचं, हा त्याचा विचार. मला हा प्रकार मुळातच पटत नव्हता. ऑफिसात कोणी पेट इन्शुरन्सचा विषय काढला की मी माझी एक्सेल शीट उघडून बसायचो. तेच पैसे दर महिन्याला बाजूला टाकले तर कसे बरे, हे त्यात मी रंग भरून दाखवलं होतं. मावशींनाही दाखवलं. त्यांनी शीटकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे रे बाप्पा. चांगली माणसं आहेत ती."

विमा कंपनीला चांगली माणसं म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. त्याचा उलगडा मला पुढे एका सकाळी झाला. मी घरून काम करत होतो आणि त्यांच्याकडे साखर मागायला गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर चहा, शेजारी स्पीकरवर ठेवलेला फोन. त्या विम्याबरोबर एक हेल्पलाइन फुकट होती. जनावराला काही झालं की फोन करायचा, पलीकडून नर्स बोलायची. मावशी तिला सांगत होत्या, "यस सिस्टर. शी इज ईटिंग. बट लिटल लिटल." देसाईबाई तेव्हा टेबलाखाली दुसरी पोळी खात होत्या. पलीकडच्या बाईने सगळं विचारलं, सल्ला दिला आणि शेवटी म्हणाली, "अँड हाऊ आर यू डुइंग टुडे?" मावशींनी पदर सारखा केला. "आय अॅम फाइन, सिस्टर. थँक यू." मी साखर घेतली, पोळीबद्दल त्यांना थोडं चिडवलं आणि परत येऊन मीटिंगला बसलो.

त्या हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून देसाईबाई घसरल्या आणि मागच्या डाव्या पायाचा लिगामेंट तुटला. डॉक्टरांनी सर्जरी सांगितली. खर्चाचा आकडा मी दोनदा विचारून घेतला, पण मावशी शांत होत्या. "विमा आहे न आपल्याजवळ," त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने फॉर्म भरून दिला. दहा दिवसांनी कंपनीचं पत्र घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "वाच बरं काय म्हणून राहिले ते."

क्लेम नाकारला होता. विमा घेतल्यावर सांध्यांच्या आजारांसाठी पहिले काही महिने थांबावं लागतं. त्या मुदतीत जे दुखणं दिसलं, त्याचे पैसे पुढेही मिळत नाहीत. पत्रात लिहिलं होतं, की तिसऱ्याच आठवड्यात हेल्पलाइनवर, कुत्री मागचा डावा पाय उचलून चालते, अशी तक्रार नोंदवलेली आहे.

मावशींनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "तसं काही नव्हतं रे. पाय चांगला होता."

"मग सांगितलंत काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. वातावरण हलकं व्हावं, हा हेतू.

"रोज रोज सांगायचं काय? खाण्याचं सांगून झालं, शीचं सांगून झालं, कानाचं झालं. काही झालेलंच नाही म्हटलं तर त्या बाया फोन कशाला धरतील? मग एक दिवस पाय सांगितला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या वॉर्डात खोटी नोंद कोणी केली असती तर मी तिला उभं केलं नसतं."

मी अपील लिहायला घेतलं. "गैरसमजातून नोंद झाली," असं मोघम काहीतरी लिहीत होतो. त्यांनी थांबवलं. "जे आहे ते लिही." आणि त्या सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहीत गेलो: त्या दिवशी कुत्रीला काहीही झालेलं नव्हतं. मला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून मी फोन केला. एवढंच पत्र. मला ते टाइप करताना लाज वाटली, आणि ती त्यांच्यासाठी नव्हती.

"आता हे निखिलकडे पाठवतो. पॉलिसी त्याच्या नावावर आहे. क्लेमचं तुमच्या सहीने चाललं, अपिलावर त्याचीच लागेल," मी म्हणालो.

मावशींचा चेहरा एकदम उतरला. "त्याच्या वाचण्यात येईल हे?"

"येणारच ना."

"मग नको."

मी समजावलं, चिडलो, एक्सेल शीटचीही आठवण करून दिली. त्या ऐकेनात. "पोरगं तिकडे नोकरीत बुडून राहिलं. आई इथे कुत्रीचं खोटं सांगून लोकांशी बोलते, हे वाचून त्याने काय करावं? त्याला सांगशील तर माझ्या दारात येऊ नको." मी तसा शब्द दिला आणि अपील तिथेच राहिलं.

अकोल्याला त्यांची धाकटी बहीण आहे. तिला भेटायला जायचं म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. ते सर्जरीत गेले. निखिलला सांगितलं, कंपनीने सगळं भरलं. बहिणीला सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की. देसाईबाई दोन महिन्यांत पायऱ्या चढायला लागल्या. मावशींनी हेल्पलाइनला मात्र पुन्हा कधी फोन केला नाही. "लिहून ठेवतात रे सगळं," एवढंच म्हणाल्या. सकाळी त्या घरातून आता आवाज यायचा नाही. मी ठरवलं, रोज संध्याकाळी दहा मिनिटं जाऊन बसायचं. आठवडाभर गेलो. मग ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजची घाई आली, मग दुसरं काहीतरी आलं.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता मावशी झोपेतच गेल्या. अकोल्याला जाणं झालं नाही. सगळं आटोपल्यावर निखिल स्वयंपाकघरात कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता. रेडमंडला त्याने घर घेतलं होतं, उन्हाळ्यात आईला नेणार होता. आता कुत्रीला नेत होता.

"तो इन्शुरन्स काढला ते बरं केलं यार," तो म्हणाला. "सगळे म्हणत होते, वर्थ नाही म्हणून. आईला तेवढं तरी टेन्शन आलं नाही." मग कुत्रीकडे बघत, "ती एकटी पडली होती का रे इथे? मला नेहमी मजेत म्हणायची."

"नाही रे," मी म्हणालो. "रोज सकाळी फोनवर गप्पा चालायच्या."

त्याला बरं वाटलं. मावशींना शब्द दिला होता म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत असतो. ते पूर्ण खरं नाही. मी सगळं सांगितलं असतं तर त्याने साहजिकच पुढचं विचारलं असतं: तू तर भिंतीपलीकडेच राहत होतास ना?