जर्मनिक राजाचा शेवट

मी फारसा बोलणारा माणूस नाही. वर्गात बोलायचो तेवढंच, आणि तिथंच एक थाप मारून बसलो.

तेव्हा इंग्रजी शिकवायला मी नवाच होतो. इंग्रजी ही जर्मनिक भाषा आहे, एवढं गाइडमधून वाचून सांगितलं. तांड्यावरून येणारी एक मुलगी उठली. "सर, इंग्रजीला जर्मनिक काहून म्हणतात?"

मला ठाऊक नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. "जर्मनिक नावाचा राजा होता. त्याच्या फौजेनं भाषा इंग्लंडात नेली," मी ठोकून दिलं. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. महिन्याभरात खरं काय ते वाचलं, पण वर्गात तोंड उघडलं नाही. ती वही मात्र डोक्यातून गेली नाही.

ती आता डोंगरकड्याकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. यंदा तिनं आपल्या वर्गात माझा सत्कार ठेवला. फळ्यावर रंगीत खडूनं मुकुटवाला, मिशाळ राजा काढलेला. शाल-नारळ झाल्यावर ती म्हणाली, "सांगा सरांना, जर्मनिक शब्द कशावरून आला?"

"जर्मनिक राजावरून!" सगळी लेकरं एका सुरात ओरडली.

मी नारळ टेबलावर ठेवला. "मॅडम, असा राजा नव्हता. मी थाप मारली होती."

तिनं विचारलं, "मग खरं काय, सर?"

"रोमन लोक ऱ्हाइन नदीपलीकडच्या टोळ्यांना जर्मानी म्हणायचे. कुणी म्हणतं त्याचा अर्थ शेजारी, कुणी म्हणतं आरडाओरड करणारे. पक्कं कुणालाच माहीत नाही. त्या टोळ्या स्वतःला तसं म्हणत नसाव्यात. पुढं अभ्यासकांनी इंग्रजी, डच, जर्मन अशा एका मुळाच्या भाषांना तेच नाव लावलं."

ती एकदम हसली. "म्हंजे आमच्यावानीच की! आमी सोताला गोर म्हणतो, गाव आमाला लमाण म्हणतं. तवाच सांगितलं असतं तर झटक्यात समजलं असतं!" मग डस्टर माझ्या हातात दिला. "लई वर्सं सांभाळला तुमचा राजा. आता तुमीच पुसा."

मुकुट लगेच गेला. मिशा काही जाईनात. लेकरं खिदळत होती. पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मग जर्मन लोक सोताला काय म्हणतात?"

"डॉइच."

"काहून?"

"माहीत नाही, बाळा. वाचून सोमवारी फोनवर सांगतो."

मॅडम वर्गाकडं वळल्या. "हे लिहून घ्या रे."