ताटापुरता उजेड

हॉटेलांची सजावट करणाऱ्यांत तिचं नाव झालं ते दिव्यांमुळे. गडद भिंती, छतावरून खाली सोडलेले पितळी दिवे, उजेड फक्त ताटापुरता. अशा उजेडात माणसं हळू बोलतात, रेंगाळत जेवतात, उठता उठता आणखी काहीतरी मागवतात. मालक मंडळी तिच्यावर खूश असायची.

नवं हॉटेल सुरू झालं त्या संध्याकाळी तिने आईला आणि दादाला तिथे जेवायला नेलं. लहानपणीच्या तापात दादाचे कान गेले होते. तो समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा. घरात कुणी पाठ फिरवून बोललं की दटावायचा, "तोंड इकडे!" आणि नकला अशा करायचा की हसून हसून पोट दुखावं.

त्या दिवशी मात्र तो नुसता मान डोलवत होता. दोघी हसल्या की हसत होता. मालक टेबलापाशी येऊन तिचं तोंडभरून कौतुक करत होते आणि तिचे पाय जमिनीवर नव्हते.

मालक गेल्यावर आईने विचारलं, "तुझ्या बदलीचं काय रे? फार लांब जावं लागणार का?"

"मस्त!" दादा म्हणाला. "एकदम झकास!"

आईचा हात ताटावरच थांबला. काहीतरी चुकलं हे दादाला कळलं. तो ताटातच बघत राहिला.

तिने आईकडे पाहिलं. हात उजळलेले, चेहरा काळोखात. ओठ दिसतच नव्हते.

बाहेर आल्यावर रस्त्यावरच्या दिव्याखाली ती त्याच्यासमोर उभी राहिली. "सांगायचंस तरी."

"तुझं कौतुक चाललं होतं. मध्ये कशाला मोडता घालू?"

"मला कळायला हवं होतं, दादा."

"हो," तो म्हणाला. "तुला तरी."

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलांवर जास्त दिवे लावायचं तिने मालकांपाशी काढलं.

"का? तक्रार आहे कुणाची?"

"एका गिऱ्हाइकाची," ती म्हणाली. मग स्वतःचीच लाज वाटून म्हणाली, "माझ्या भावाची. त्याला ऐकू येत नाही."

मालकांनी लगेच होकार दिला. इतकं सोपं होतं ते, आणि याआधी तिने कधीच, कुठेच मागितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने बोलावलं तेव्हा दादा आला. बसण्याआधी त्याने वरच्या दिव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिला मान वर करवेना.