कवठ्याचे माहेर वाई

'संगणक विभागातील एका कर्मचाऱ्याने कवठे महांकाळच्या केंद्राची छपाई परस्पर वाईला जोडून ठेवली, आणि बिघाड झाल्यावर कोणासही न कळवता तो गप्प राहिला. परिणामी टँकरभर दूध ओतून द्यावे लागले.'

आमच्या दूध संघाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. ते खोटे आहे. सगळेच खोटे असते तर मी लेखणी उचलली नसती. वाचणाऱ्याने हसून सोडून दिले असते. पण त्यात थोडे खरे मिसळले आहे, आणि दुधात पाणी मिसळणाऱ्यांशी मी उभा जन्म भांडलो आहे. सांगलीच्या मुख्य कचेरीत मी वाहतूक विभागाचा प्रमुख होतो. त्याच स्मरणिकेत, आधीच्या पानावर, माझे छायाचित्र आहे आणि खाली माझे वाक्य आहे : 'कागदाशिवाय चाक हलणार नाही.' तेव्हा मला या विषयातले काय कळते, असे कोणी विचारू नये.

ज्याच्याविषयी ते वाक्य लिहिले, तो दिवसभर एका झाडापुढे बसलेला असे. झाड संगणकाच्या पडद्यावरचे. वर सांगलीचा मोठा सर्व्हर. त्याच्या फांद्यांना वाई, रहिमतपूर, कवठे महांकाळ अशी केंद्रे. प्रत्येक केंद्राखाली तिथली छपाईयंत्रे लोंबकळत. याखेरीज तुटक रेघा होत्या. एखाद्या केंद्राचा सर्व्हर बंद पडला, तर त्याचे कागद कोणी छापायचे, ते त्या रेघा दाखवीत. हे झाड पाहायला तो ज्याला त्याला बोलावी. साहेब असो की चहावाला, त्याला फरक नव्हता.

"ही सरळ रेघ म्हंजी सासर," तो सांगे. "आन् ही तुटक हाय न्हवं, ती माहेर. अडचणीला माहेरच."

त्याने तो शब्द सगळ्या कचेरीला लावून टाकला होता. कारकुनाने रजेचा अर्ज पुढे केला की हा शेजारून विचारी, "तुझ्या माघारी टेबल कोण बघणार? तुझं माहेर कुठलं, गड्या?" लेखा विभागातल्या बाई आधी रागावल्या, नंतर त्याच आपल्या मदतनिसाला 'माझं माहेर' म्हणू लागल्या. अशी माणसे, वाचकहो, तुमच्याही कचेरीत असतील. त्यांचा शब्द आपल्या तोंडी कधी रुळला, हे आपल्याला सांगता येत नाही.

मला त्याने एकदाच विचारले. टँकर फाटकाबाहेर सोडायच्या गेटपासावर माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाची सही चालत नसे. "साहेब, तुमचं माहेर कुठलं?" मी म्हणालो, आमच्या खात्याला त्याची गरज नाही. तो हसला नाही. "तवा तर लय अवघड हाय, साहेब," एवढे म्हणून तो आपल्या झाडाकडे वळला.

आता 'परस्पर' या शब्दाकडे येतो. स्मरणिकेच्या संपादकांनी मला तोंडी असेही ऐकवले की त्याची सासुरवाडी वाईची, म्हणून त्याला वाईचा पुळका. हेही चूक. सासुरवाडी रहिमतपूरची होती आणि त्या केंद्राला त्याने मुद्दाम कोणाचेही माहेर केले नव्हते. उगाच बोलणी नकोत, म्हणून. कवठ्याला वाई देण्यामागे त्याचा हिशेब वेगळा होता. "माहेर लांबच असावं," तो म्हणे. "जवळ असलं की एकाच वावटळीत दोन्ही घरांचं पत्रं उडतं." कवठ्याची वीज गेली तरी वाईची राहील, हा त्याचा विचार. संचालकांपुढे तो त्याने मांडला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, मीही.

विचार बरोबर होता. एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, आणि खरे तर आमच्यापैकी कोणाच्याच आली नाही. पोरगी माहेरी गेली की कागदही तिच्याबरोबर माहेरी जातो.

उन्हाळ्यात एके दिवशी कवठ्याची वीज गेली. दूध अर्धवट थंड झालेले होते, तसेच टँकरमध्ये भरले. लवकर सांगलीला पोचले तर वाचणार होते. गेटपास आमच्या कचेरीतून निघाला. कवठ्याचा सर्व्हर बंद, म्हणून झाडाने नेमून दिल्याप्रमाणे तो वाईकडे वळवला, आणि कृष्णाकाठच्या त्या केंद्रात, कोणी मागितलेला नसताना, कवठ्याच्या टँकरचा पास सुबक छापून निघाला. पडद्यावर सगळे हिरवे. इकडे कवठ्याच्या फाटकात, उन्हात, टँकर उभा. कागद नाही, म्हणून चाक हलेना.

संध्याकाळी ते दूध माळावर ओतले. तो स्वतः धनगराच्या घरचा, त्याच भागातला. त्या टँकरमध्ये त्याच्या थोरल्या बहिणीच्या म्हशींचेही दूध होते. तो तिथे गेला आणि ओतून होईपर्यंत उभा राहिला. बहीण म्हणाली, जाऊ दे रं, उद्या परत पिळायचंच हाय. हे मला चालकाने सांगितले.

त्या दिवसापासून तो कोरा चहा पिऊ लागला. कचेरीत कोणी म्हणत मधुमेह, कोणी म्हणत पित्त. त्याला दोन्ही नव्हते. पेला समोर आला की तो आत पाही, रंग काळा आहे ना याची खात्री करी, आणि मग उचली. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात मसाला दूध होते. त्याने आपला पेला शेजारी सरकवला. शेजारी मी होतो. मी तो प्यालो.

चौकशीत त्याला विचारले गेले, बिघाड कळल्यावर तुम्ही कोणाला कळवलेत? तो टेबलाकडे बघत म्हणाला, "न्हाई, कुणाला न्हाई. माहेर मीच दिलं हुतं." स्मरणिकावाल्यांचा सगळा आधार हा. त्याने स्वतः कबूल केले, असे ते मला छातीठोक सांगतात. मी त्यांना सांगतो की तो खोटे बोलला. चौकशीच्या त्या खोलीत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, मीही बसलेलो होतो.

गेल्या वर्षी तो वारला. परवा त्याची मुलगी स्मरणिका घेऊन माझ्याकडे आली. ती कवठ्याच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरांच्या घरीही ती स्मरणिका पोचली आहे. तिने ते पान उघडले नाही, नुसते त्या पानात बोट घालून बसली. "काका," ती म्हणाली, "आप्पा हुशार हुते का न्हवते, ते मी इचारत न्हाई. चूक झाली आसंल. पर ते गप बसले, हे खरं हाय का, एवढंच सांगा."

मी तिला म्हणालो, लिहून देतो. म्हणून हे लिहिले. संपादकांनी पुढच्या आवृत्तीत 'परस्पर' हा शब्द गाळावा, आणि 'कोणासही न कळवता' हेही गाळावे. पुरावा मागतील, तर तो असा. दूध अजून चांगले असताना, भर दुपारी, सांगलीच्या कचेरीत फोन वाजला. पलीकडून, संगणक विभागातून, तो बोलत होता : "साहेब, कागद वाईला निघालाय. मी त्यावरचा नंबर वाचून दावतो, तुमी तेवढी गाडी सोडा."

तो फोन मी उचलला होता.