पेटीवर बसवलेली चिनी

आमच्या खालापूरकडच्या कारखान्यात चिनी मशीन आलं. सोबत दोन चिनी इंजिनियर, वर्षभर राहणार, इंग्रजीच्या नावाने बोंब. साहेब म्हणाले, जो ऑपरेटर तीन महिन्यांत त्यांचं बोलणं समजायला शिकेल, तो मशीनवर राहील. बाकीचे पॅकिंगला. मी एक्कावन्न वर्षांचा, त्यातली बावीस मशीनवर गेलेली. पॅकिंगला म्हणजे खोक्यांना टेप मारायची आणि कंत्राटी कामगारांत नाव.

त्या भाषेत एकच अक्षर चार चालींत बोलतात. सपाट, चढतं, खाली जाऊन वर येणारं, उतरतं. चाल बदलली की अर्थ बदलला. फोनवर पुण्याची एक पोरगी शिकवायची. "काका, परत ऐका." मी परत ऐकायचो, आणि चारही मला एकसारख्या! बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पालथ्या घड्यावर पाणी चाललंय."

पण भिसेगावच्या भजनात मी इतकी वर्षं पेटी वाजवतोय. म्हटलं, सूरच ओळखायचे ना, मग घाबरतो कशाला? पेटी पुढ्यात घेतली. त्या पोरीचा फोनवर रेकॉर्ड केलेला एकेक शब्द लावायचा आणि तो कुठल्या पट्टीवर बसतो ते शोधायचं. सपाट शब्द या काळीवर, उतरता तिथून सुटून खालच्या पांढरीवर. सगळं वहीत उतरवलं. दोन महिन्यांत तिच्या चाचणीत वीसपैकी अठरा. मी पेढे आणले, मूर्खासारखे.

कारखान्यातल्या परीक्षेत रेकॉर्डिंग लागलं ते एका जाड्या आवाजाच्या पुरुषाचं. पोरीचा उतरता शब्द जिथे संपायचा, तिथे याचा सपाट शब्द सुरू होत होता. माझी एकही पट्टी जुळेना. सूर कुठे आहे ते बघायचंच नव्हतं, तो कुठे जातो ते ऐकायचं होतं. मी भाषा शिकलोच नव्हतो, त्या पोरीचा गळा पाठ केला होता. वीसपैकी चार. बाहेर येऊन संडासात रडलो, खोटं कशाला सांगू.

पॅकिंगला आम्ही आठ जण. माझ्या जोडीला पळसदरीची एक बाई, नवरा वारलेला, मुलगी नर्सिंगला. टेप सरळ कशी मारायची ते तिनेच मला शिकवलं. "दादा, तुमी मशीनवाले, तुमचा हात जड हाय," म्हणून हसायची.

चिनी मात्र मी सोडली नाही. हट्टच म्हणा. पेटी बंद ठेवली आणि फोनवर दिसेल त्या चिनी माणसाला ऐकत सुटलो. म्हाताऱ्या, पोरं, भाजीवाले, भांडणारे नवरा-बायको. तोच शब्द दहा गळ्यांतून. सहा महिने नुसता गोंगाट. मग एका सकाळी बाईकवर, कानात इयरफोनची बोंडं घालून, शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. मी बाईक बाजूला लावली. काय सांगू, अंगावर काटा आला. पण सांगायचं कुणाला? मशीनवर दुसरा बसला होता.

गेल्या महिन्यात ते दोन इंजिनियर मोजपट्टी घेऊन पॅकिंगला आले. आमच्या टेबलांची जागा मोजली. मोठा म्हणाला, नवीन मशीन इथे बसेल. धाकट्याने विचारलं, आठही माणसं जाणार? मोठा म्हणाला, हो, पुढच्या महिन्यात, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकही शब्द निसटला नाही.

"काय बोलतात ओ दादा?" बाईने विचारलं. "तुमाला येतंय ना त्यांचं?"

मुलीची फी तिने आदल्याच दिवशी भरली होती.

"छे गं," मी म्हणालो. "कुठं काय येतंय? नापास झालो ना मी."

"जाऊ द्या," ती म्हणाली आणि माझ्या हाताखालचं खोकं सरळ केलं. "इथं कुठं परीक्षा हाय?"