परळचा सुतार

आमच्या परळच्या चाळीखाली एक ख्रिस्ती सुतार बसायचा. पाट असो की पाळणा, काम संपलं की दोन पावलं मागे सरून स्वतःशीच म्हणायचा, "झकास!" जग घडवताना देवही रोज असाच खूश व्हायचा, असं तो हसत सांगायचा.

संपात बाबांची गिरणी बंद पडली. महिनोन्‌महिने घरी बसलेले बाबा एकदा त्याला म्हणाले, "काम नाही, तर माणूस कसला रे मी?"

त्याने रंधा खाली ठेवला. "भाऊ, देवाने पहिला माणूस केला, तेव्हा त्या माणसाने कुठे काय काम केलं होतं? तरी देवाला तो आवडलाच ना!"

बाबा उठून घरी आले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आईकडे आरसा मागितला. म्हणाले, "दाढी करतो."